खिसा तोंड वाकडं करून राहिला

नागपुरात जॅकेट म्हणजे दीड महिन्याचा पाहुणा. त्याच्यापायी मी तीन रविवार घातले, आणि वर हौस अशी की खिसे बोन पॉकेटचे, म्हणजे कापड चिरून कडेला पट्टी लावलेले, तेही कमानदार.

साध्या बोन पॉकेटलाच हात थरथरतो. चांगल्या शिवून झालेल्या कापडाला मधोमध कात्री लावायची, टोकाशी ती तिरपी करून शेवटच्या टाक्यापर्यंत न्यायची. एक धागा अलीकडे थांबलं की चुणी, एक पलीकडे गेलं की भोक. कमानीला पट्टी उरेबच हवी, म्हणजे तिरप्या धाग्यावर कापलेली, तीच वळते. डावा खिसा छान झाला. उजव्याला उरेब पट्टीपुरतं कापड उरलं नाही, म्हणून उभ्या धाग्याची लावली. इस्त्रीनं बसेल म्हटलं. नाही बसली.

परवा इतवारीत काजं करून घ्यायला गेलो. बाकड्यावर एक काकाजी बसलेले. त्यांचं तिथे काहीच काम नव्हतं, हे मला उशिरा कळलं. त्यांनी जॅकेट माझ्या हातातून सरळ काढूनच घेतलं.

"कोनं शिवलं?"

"मी."

"अन् बायको?"

"ती बँकेत असते."

"तरीच."

या 'तरीच'नं मी अजून जळतोय. समोर काजाच्या मशीनवर बाप्या, शेजारी पिकोवाला बाप्या! १८७७ साली याच गावात एम्प्रेस मिल सुरू झाली, किती पिढ्या बाप्ये मागावर राबले. त्यांना कोणी विचारलं का, बायको कुठाय म्हणून? पैसे घेऊन शिवलं तर टेलर, हौसेनं शिवलं तर 'तरीच'.

काकाजींचा अंगठा खिशांवरून फिरतच होता. "हा पाहा, हासून राहिला. अन् हा काहून तोंड वाकडं करून राहिला? जावई हाय काय?"

मी उभ्या धाग्याचं सांगू लागलो.

"उरेब लागते तिथं," त्यांनी मला मधेच तोडलं.

म्हणजे माहीत होतं! अडाण्यानं हसावं, त्याचं काही वाटत नाही.

"पन तोंडाले काय पाहाचं भाऊ? पोट पाहा." शर्टाच्या खिशातून त्यांनी खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची पन्नी काढली, माझ्या उजव्या खिशात घातली, वरून थोपटली. काढली. पुन्हा घातली, या वेळी चार बोटांसकट. मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "राह्यते ना बाप्पा!" काजवाल्यानंही मान डोलावली. डाव्याची परीक्षाच नाही. "तो हासून राहिला, त्याले कायचं टेन्शन?"

पैसे टाकले, जॅकेट ओढून घेतलं आणि निघालो.

घरी बायकोनं ते अंगात घातलं, आरशासमोर उभी राहिली, उजव्या खिशात हात घातला. पन्नी बाहेर आली, अर्धी सुटलेली.

"हे कधीपासून?"

तीन रविवार! आणि खिशाबद्दल एक शब्द नाही.