थांबायचं कुठे, तेही सांगा

'चालकांनी हवामानाचा अंदाज पाहून वेळीच थांबावं,' हे वाक्य पावसाळ्यातल्या मालवाहतुकीवरच्या तुमच्या लेखात फार सहज येऊन गेलंय. अंदाज आम्ही ट्रकवालेही बघतो हो, मोबाईल सगळ्यांकडे आहे. पण थांबायचं कुठे? ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर चढलं, तेव्हा मी पुण्याहून बेंगळुरूकडे माल घेऊन निघालेलो. किणी टोलनाक्याच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागलेली. ना शौचालय, ना प्यायला पाणी. जवळच्या गावातली पोरं भाकरी आणि झुणका घेऊन आली, म्हणून पोटाला आधार मिळाला. मागच्या गाडीत टोमॅटो होता. त्याचं पाणी खाली गळायला लागलं तसा तो ड्रायव्हर बोलायचाच बंद झाला.

त्यात ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. त्याला अंतरानुसार मुदत असते. आता २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, तेव्हा १०० ला होता. मुदत वाढवता येते, पण ती संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच. केबिनमध्ये भिजत बसलेल्या माणसाने, बॅटरी उतरलेल्या फोनवरून ऑफिसला ते कसं कळवायचं? आणि शेठचा पहिला प्रश्न ठरलेला: 'गाडी कुठंवर आली?'