१२३४५६७८९८७६५४३२१: हा नुसता दहाचा योगायोग नाही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिला आक्षेप असा, की नऊ एकांच्या वर्गाची, म्हणजे १११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१ ची चढउतार हा दशमान पद्धतीचा योगायोग आहे; 'असले खेळ शाळामास्तरांचे, गणितज्ञांचे नव्हेत'. दुसरा असा, की 'एक वाढवत जा, आकृती टिकते' हे माझं वाक्य चूक आहे.

दुसरा पूर्ण मान्य. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. मूळ लेखात आजच दुरुस्ती केली.

पहिला मात्र मान्य नाही. शाळेतला उभा गुणाकार मांडून बघा. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ, मग पुन्हा उतरत एक. कुठल्याच रकान्याची बेरीज नवाच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात: शून्य मांडला, हातचा एक. तो शेजारच्या नवात मिळतो, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. मग आठाचे नऊ होतात. डावीकडचा आठ हरवतो तो असा. थोडक्यात, अट दहाची नाही, हातचा न येण्याची आहे. अष्टमान पद्धतीत (जिथे अंक फक्त ० ते ७ आणि हातचा आठाला येतो) सात एकांचा वर्ग करा, १२३४५६७६५४३२१ येईल.

आता शाळामास्तरांविषयी. या संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव देणारे गणितज्ञ द. रा. कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षकच होते. अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो तिला 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी, हे नावही त्यांचंच. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि तिला ८१ ने भाग जातो! कारण वरच्या मांडणीतच आहे. नऊ ओळींत नऊ-नऊ एक, म्हणजे एकूण ८१ एक. हातचा नसल्याने त्यातला एकही बेरजेतून गळत नाही. शिवाय १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे तिला ९ ने भाग जातो, मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. (तिचे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७. ही फोड तर कुठल्याच पद्धतीवर अवलंबून नाही.)

हाच युक्तिवाद पद्धतीच्या पायापेक्षा (दशमानात दहा, अष्टमानात आठ) एकाने कमी इतके एक घेतले की कुठल्याही पद्धतीत लागू पडतो. दहा एकांच्या वर्गात मात्र हातच्याने बेरीज ८२ होते. संख्या विषम, त्यामुळे ८२ ने भाग जाणं शक्यच नाही. आकृती मोडते तिथेच हर्षदपणही जातं.

सगळ्यात लहान उदाहरण तोंडी करता येतं. त्रिमान पद्धतीत (उजवीकडून घरं एक, तीन, नऊ अशी) ११ म्हणजे चार. त्याचा वर्ग १२१, म्हणजे नऊ, सहा आणि एक मिळून सोळा. अंकांची बेरीज चार.