हातोडा न लावता वास्तू कशी पाडावी

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या दगडी देवळाला परवा रंग लागला. सोनेरी. ऑइलपेंट, दोन हात. खांबांवरची वेलबुट्टी, कमानीवरचे मोर, सगळं एका चकचकीत सालीखाली गेलं. वरून "किती मस्त झालं ना भाऊ" हेही ऐकून घ्यावं लागलं. लोक एवढ्या उत्साहानं कामाला लागलेच आहेत, तर त्यांना नीट मार्गदर्शन मिळायला हवं. अर्धवट नासधूस काय कामाची?

पहिल्यांदा बुलडोझर डोक्यातून काढा. ती जुनी पद्धत. 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आहे, तो प्रयोग करून झाला. बुलडोझर आला की पेपरात बातमी येते, कुणीतरी हायकोर्टात जातं, वारसा यादी धुंडाळली जाते. जीर्णोद्धाराविरुद्ध कुणी कोर्टात जात नाही. उलट नारळ फुटतो, फलक लागतो, फलकावर पाच नावं येतात.

मुख्य औषध सिमेंट. जुन्या भिंतींच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानं भरलेल्या असतात आणि चुना मुळातच मऊ. भिंतीत मुरलेलं पाणी दरजेतून वाळून निघून जातं. उन्हानं दगड फुगला, थंडीत आकसला, तर ती ओढाताण चुना सोसतो. झिजायचं ते चुन्यानं झिजायचं आणि दगड शाबूत ठेवायचा, अशी ती योजना. काही दशकांनी दरजा पुन्हा भरल्या की झालं. ही योजना मोडायची तर दरजांत सिमेंट ठासा. पाण्याची वाट बंद. मग ते दगडातूनच बाहेर पडू बघतं, येताना क्षार घेऊन येतं (त्यातले थोडे सिमेंटनंच पुरवलेले), आणि दगडाच्या पृष्ठभागामागे त्या क्षारांचे खडे धरतात. आधी पांढरा लोणा, मग पापुद्रे, मग बोट फिरवलं की वाळू हाताला लागते. पाणी पिणाऱ्या वालुकाश्मावर गुण लवकर येतो, काळ्या दगडावर जरा धीर धरावा लागतो. काही पावसाळे गेले की जवळ जाऊन बघा. सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधला दगड बोटभर आत गेलेला. कंत्राटदाराला विचारलं तर म्हणतो, "दगडच कच्चा होता जी."

कच्चा? आपलं रेल्वे स्टेशन सावनेरच्या वालुकाश्माचं आहे. 15 जानेवारी 1925 ला त्याचं उद्घाटन झालं. तेव्हापासून ते नागपूरचे उन्हाळे खातंय, 47 अंशांचेसुद्धा. दगडाला नावं ठेवताना जीभ कशी अडखळत नाही, देव जाणे. असो. उपरोधिक लेख आहे, शांतपणे लिहायला हवं.

सिमेंट भिंतीत घालायची सोय नसेल तर रस्त्यावर घाला. जुना थर खरवडायचा नाही, त्यावरच नवा ओतायचा. नागपूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. रस्ता चढत जातो, वाड्याचं जोतं खाली जातं, पायऱ्या एकेक करून नाहीशा होतात आणि जुलैत पाणी उंबरा ओलांडून आत. आता आतली गंमत बघा. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभा केलेला असतो, तो शोभेसाठी नव्हे, तर जमिनीतली ओल लाकडाला लागू नये म्हणून. पाणी आत येतं म्हणून मालक वैतागून जमीन उंच करतो, काँक्रीट ओततो, वर चकचकीत टाइल्स. तळखडा त्यात बुडतो. खांबाचा पाय कायमचा ओला. वाळवी वर चढते, पाय भुसा होतो, तुळई एका बाजूला खचते, आणि मग "धोकादायक इमारत" म्हणून नोटीस येते. कुणी कुणाचं वाईट चिंतलं नाही, कुणी हातोडा उचलला नाही, तरी वाडा गेला. जागेवर सहा मजले, नाव "अमुक हेरिटेज".

पन्हळी आणि गच्चीची भोकं पावसाळ्याआधी साफ करू नका.

पिंपळ दरवर्षी गणपतीआधी कोयत्यानं वरवर छाटा. छाटलेला पिंपळ दुप्पट जोमानं फुटतो आणि मूळ भिंतीत जाड होत जातं. ताज्या कापावर तणनाशक लावून मूळ पुरतं मरेपर्यंत थांबायचं, मग ते न ओढता तिथले दगड क्रमांक घालून उतरवायचे आणि पोकळीत पातळ चुना भरायचा, असलं काही कुणी सांगितलं तर ऐकू नका. जिवंत मूळ जोर लावून ओढा. सोबत भिंतीचा कोपराही येतो.

रोषणाई हवीच. ड्रिल थेट कोरीव दगडात चालवा आणि साधे लोखंडी खिळे ठोका. स्टेनलेस स्टील वापरू नका, ते सहसा गंजत नाही. गंजलेलं लोखंड दुपटीहून जास्त फुगतं आणि दगड आतून फोडतं, हा फायदा हातचा जाईल.

खोदकाम करताना पुरातत्त्ववाल्यांना कळवू नका. कस्तुरचंद पार्कात 2019 साली खोदताना तोफा निघाल्या, केवढा खोळंबा झाला!

झिरो माइलसारखं काही हाती लागलं तर त्यावरची अक्षरं रंगवून ठळक करा. 1907 सालचा सर्वेक्षणाचा दगड, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट अशी हजारांशापर्यंत नोंदलेली, बाजूंवर गावांची अंतरं मैलांत. रंगाऱ्याच्या कुंचल्यानं एखादा 1 चा 7 झाला तरी बिघडलं कुठं? येणाऱ्याला शेजारच्या दगडी घोड्यांसोबत सेल्फी हवी.

सीताबर्डीचा किल्ला तेवढा आपल्या तावडीतून सुटलाय. लष्कराच्या ताब्यात, आणि आपल्यासाठी उघडतो तो 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला. 1817 च्या नोव्हेंबरात तिथं नागपूरचे भोसले आणि इंग्रज लढले, आता निदान आपल्याशी लढायची वेळ त्याच्यावर आलेली नाही.

पुरे झाली थट्टा.

जुनी वास्तू सुंदर दिसावी म्हणून जपत नाहीत हो! ती पुरावा असते. भोसल्यांच्या गवंड्यानं छिन्नी कोणत्या कोनात धरली, दगड कोणत्या खाणीचा, चुन्यात सुरखी (विटांची भुकटी) किती, हे कुठल्याही कागदावर सापडत नाही, त्या भिंतीतच असतं. तुम्ही ऑइलपेंट फासता, पोपडे सुटले की ग्राइंडर फिरवता, आणि तो पुरावा धूळ होऊन गटारात जातो. पुन्हा लिहिता येत नाही तो. वर्गणी गोळा करताना एखाद्या जाणकाराला फोन करायला काय पैसे पडत होते? आणि फोटोखाली बदाम टाकणाऱ्यांनो, तुम्हीही तेवढेच दोषी आहात.

दरजा भरायला फार अक्कल लागत नाही. हातछिन्नीनं 20 ते 25 मिलिमीटर खोल खरवडायचं, धूळ काढायची, दरज ओली करायची. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू, जमल्यास त्यातली थोडी काढून सुरखी. माल दगडाच्या तोंडापासून किंचित आत ठेवायचा आणि ओलं गोणपाट टांगून आठ-दहा दिवस भिजतं ठेवायचं. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढलं तर चुना धरण्याआधीच वाळून भुकटी होतो. पण आपल्याकडे निधी 31 मार्चला परत जातो, म्हणून भर उन्हात सगळे घाईला येतात आणि सिमेंटच्या गोण्या उतरतात. ती घाई असेल तर भिंतीला हातच लावू नका. अंदाजपत्रकातलं सिमेंट खोडा, तिथं चुना लिहा, आणि काम दिवाळीनंतर काढा.