बसथांब्यावरच्या पिवळ्या फरशा उखडू नका

‘बसथांब्यावरचे रॅम्प आणि पिवळ्या फरशा म्हणजे पैशाची उधळपट्टी. अंधांकडे काठी असते, दिव्यांग सिटी बसने जातच नाहीत, रॅम्पवर फक्त मोटारसायकली चढतात. द्यायचाच तर दोन फुटांचा उतार पुरे. दुकानदारांनी दारासमोरच्या फरशा काढून गुळगुळीत फरशी बसवून घ्यावी.’ हा मेसेज संभाजीनगरात ग्रुपमागून ग्रुपवर फिरतोय. मावशीच्या गल्लीतच थांब्याचं काम चालू आहे, तिनेही तो पाठवून ‘खरं आहे का रे?’ विचारलं. खरं नाही, आणि फरशा उखडायचा सल्ला तर माणसाच्या जिवावर बेतणारा आहे.

त्या फरशा शोभेच्या नाहीत. लांब उभ्या रेषा म्हणजे ‘असंच पुढे चला’, गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे रस्ता, वळण किंवा बसचं दार’. फरशी एक फूट बाय एक फुटाची, उठाव जेमतेम ५ मिलिमीटरचा, पण तो पायाला आणि काठीला कळतो. पिवळा रंग अंधुक दिसणाऱ्यांसाठी असतो. काठी पुरते म्हणणाऱ्याने एवढं समजून घ्यावं: पदपथाचा काठ खाली उतरतो तेव्हा काठीला तो लागतो. रॅम्प केला की तो काठच नाहीसा होतो. काठी सरळ घसरत पुढे जाते आणि माणूस जालना रोडसारख्या रस्त्यावर गाड्यांच्या मध्ये उभा असतो. म्हणून उताराच्या तोंडाशी ठिपक्यांची रांग लागतेच. रॅम्प ठेवून फरशा काढणं हे अंध माणसासाठी दोन्ही नसण्यापेक्षा वाईट.

पिवळी फरशी चकचकीत असली तर पावसात पाय घसरतो, हे मान्य. मग खरखरीत सिमेंटची मागा. रेषा थेट विजेच्या खांबावर नेणाऱ्या आणि सगळीकडे ठिपकेच बसवणाऱ्या ठेकेदारालाही जाब विचारा.

आता दोन फुटांचा उतार. पदपथ १५ सेंटिमीटर उंच असेल तर १:१२ (एक उंचीला बारा लांबी) या प्रमाणाने १८० सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट लांबी लागते. दोन फुटांत तो १:४ होतो. त्यावर चढताना व्हीलचेअर मागे कलंडते, उतरताना माणूस पुढे फेकला जातो. खाली रस्त्याला टेकतो तिथे एक इंचाचा ओठ, म्हणजे उभी कड, ठेवली तरी पुढची छोटी चाकं तिथेच अडतात. आणि रस्त्यावर डांबराचा नवा थर आला की रॅम्पच्या पायथ्याशी खड्डा होऊन पाणी साचतं, हे आपल्याकडे नेहमीचंच.

मोटारसायकली चढतात, हे खरं आहे. रॅम्पच्या तोंडाशी आडवे येतील असे छोटे खांब रोवून त्यांच्यामध्ये ९० सेंटिमीटर जागा सोडली की व्हीलचेअर जाते, रिक्षा अडते, पण दुचाकीही जाते. तिला दंडच हवा. दुचाकी शिरते म्हणून व्हीलचेअर बंद करायची, हा कुठला न्याय?

मेसेजने न विचारलेली खरी अडचण बसची आहे. ट्रामचा थांबा फलाटासारखा डब्याच्या फरशीच्या पातळीत बांधता येतो, कारण रूळ हलत नाहीत. बस मात्र थांब्यापुढे रिक्षा लागल्या की रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि सगळा खर्च वाया जातो. त्यात बसची फरशी ६५ सेंटिमीटरवर असेल तर १५ च्या पदपथावरून अर्धा मीटर चढायचा उरतो. ४० सेंटिमीटरची लो-फ्लोअर बस आणि दाराची घडीची फळी मागायला हवी.

‘दिव्यांग जात नाहीत’ यावर काय बोलावं! चढता येत नाही म्हणून जात नाहीत. घाटी या सरकारी रुग्णालयात उपचाराला बीड, जालना, हिंगोलीहून येणारे, गुडघे गेलेले म्हातारे, पोटुशी बाई, सगळ्यांना तोच उतार लागतो.

शिवाय ही कुणाची मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४१ मध्ये बसथांब्यांचा नावानिशी उल्लेख आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेचे (दिव्यांगांना सोयीनं वापरता येण्याचे) मापदंड नुसते शिफारशीवजा ठेवणारा, याच कायद्याखालचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत करायला सांगितले.

मावशीच्या गल्लीत कामाचं बिल निघायच्या आधी कुणीतरी टेप लावावा: उंची, लांबी, खालचा ओठ. मग उतारावर बादलीभर पाणी ओतून ते पायथ्याशी साचतं का ते बघावं.