मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर उपाशी राहू नका

‘ऑपरेशननंतर तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहा, म्हणजे शौचाला होणार नाही. पेनकिलर घेऊ नका, जखम भरत नाही. डेटॉलच्या पाण्यात बसा. दुखतंय म्हणजे भरतंय, सोसा.’ हा मेसेज माझ्या काकांना चार ग्रुपांवर आला. त्यांनी उपास केला. चौथ्या दिवशी संडासातून त्यांचा आवाज बाहेर आला, तो मी ऐकलाय.

उपाशी राहिलं तरी मळ तयार होतच राहतो. आतड्याच्या झडलेल्या पेशी आणि जिवाणू त्यात असतातच. तो जितका आत राहील तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. ताज्या जखमेवरून खडा जाण्यापेक्षा मऊ मळ जाणं केव्हाही बरं. म्हणून पहिल्या दिवसापासून भाकरी, भाजी, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांनी दिलेलं, मळ मऊ ठेवणारं इसबगोल किंवा लॅक्टुलोज. कुंथायचं नाही, आलेली कळ दाबायचीही नाही.

पेनकिलरचं म्हणणं सगळ्यात घातक. गुदद्वाराच्या कडेची त्वचा फार संवेदनशील असते. दुखलं की आतला स्नायू आवळतो, आवळला की ठणका आणखी वाढतो. हे चक्र तोडायचं तर ठणका चढायची वाट न पाहता पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी घ्यायचं, चिठ्ठीवरच्या मात्रेतच. काही डॉक्टर स्नायू सैल करणारं डिल्टियाझेमचं मलमही देतात. पेनकिलरने ‘किडनी जाते’ या अनेकांच्या भीतीत थोडं तथ्य आहे, पण ते डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांबद्दल. किडनीचा आजार, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. ट्रॅमाडॉल या जास्त तीव्र पेनकिलरने मात्र बद्धकोष्ठ होतं, हे लक्षात असू द्या.

डेटॉल नको, चुरचुरतं. साधं कोमट पाणी टबात घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा, शौचानंतर तर नक्की. काकांना पहिला खरा आराम यानेच पडला.

आणि ‘सोसा’? पहिला आठवडा कठीण जातो, पण ठणका हळूहळू उतरायला हवा. तो वाढत चालला, ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गाठी पडू लागल्या, तर त्याच दिवशी सर्जनकडे जा. रक्तस्राव आठवड्या-दोन आठवड्यांनीही होऊ शकतो, तेव्हा टाके बरे दिसतात म्हणून थांबू नका.