नुसतं एक खोकं

आमच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये दोन पानांवर दोन सारखीच खोकी होती. गोल कोपरे, बारीक कडा, वर शीर्षक, खाली मजकूर. पहिलं मी लिहिलं होतं आणि दुसरं पहिल्यावरून उचललं होतं. तीच ओळ दुसऱ्यांदा दिसली की प्रोग्रॅमरच्या जातीला भिंतीवर पाल दिसल्यासारखं होतं. डॉन रॉबर्ट्स नावाच्या जाणत्या माणसाचा यावर एक नियम सांगतात: पहिल्यांदा सरळ लिहा, दुसऱ्यांदा तोंड वाकडं करून पुन्हा तेच लिहा, आणि तिसऱ्यांदा वेळ आली तरच सगळं एका ठिकाणी आणा. मी दुसऱ्याच वेळी हात घातला. तोंड वाकडं करायला पुढे भरपूर वेळ मिळणार होता, हे तेव्हा माहीत नव्हतं.

"किती दिवस लागतील?" असं मीटिंगमध्ये विचारलं गेलं. "दिवस कसले? नुसतं एक खोकं तर आहे," असं मी म्हणाले. हे वाक्य टिपणात नोंदलेलं आहे. आमच्यातले काही जण ते अजून अधूनमधून मला वाचून दाखवतात.

पहिला अवतार खरोखरच अकरा ओळींचा होता. रिअ‍ॅक्टमध्ये (वेबपानं रचायच्या आमच्या लायब्ररीत) कंपोनंटच्या, म्हणजे पानाच्या एकेका सुट्या तुकड्याच्या, उघडत्या आणि मिटत्या टॅगच्या मध्ये जे लिहाल, ते आत 'चिल्ड्रन' नावाच्या प्रॉपमधून पोचतं. (प्रॉप म्हणजे कंपोनंटला बाहेरून दिलेली माहिती.) तिच्याच जातीच्या व्ह्यूमध्ये त्या जागेला स्लॉट म्हणतात, अँग्युलरमध्ये एनजी-कंटेंट. जुन्या अँग्युलरजेएसमध्ये तर याचं नाव होतं ट्रान्सक्लूजन. हायपरटेक्स्ट हा शब्द देणाऱ्या टेड नेल्सनचाच हाही शब्द. तो एका फाइलमध्ये पहिल्यांदा वाचला तेव्हा मी ती फाइल हळूच बंद केली आणि दोन आठवडे तिच्या वाटेला गेले नाही. नावं काहीही असोत, कल्पना एवढीच की खोक्याने मधे भोक सोडायचं आणि त्यात कोण येऊन बसतंय याची चौकशी करायची नाही.

ती 'चौकशी करायची नाही' ही अट माझ्या खोक्याला तीन दिवस पाळता आली.

चौथ्या दिवशी एकाने विचारलं, "अगं, मला शीर्षक नकोय. तेवढं बघ ना." म्हणून 'शीर्षक नको' असा एक प्रॉप घातला. मग कुणाला शीर्षकाच्या उजवीकडे बटण हवं होतं. मग बटणाऐवजी दोन बटणं. मग कडा नको पण सावली हवी. मग जरा आटोपशीर. मग मिटता येईल असं. प्रत्येक मागणीच्या आधी 'फक्त' आणि शेवटी 'तेवढं' असायचं, आणि मधे माझी एक संध्याकाळ असायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, एकच तर बूलियन आहे. हो किंवा नाही, त्यात काय बिघडणार! पण बूलियन बेरजेने वाढत नाहीत, दुपटीने वाढतात. अकरा प्रॉप झाले तेव्हा एका संध्याकाळी मी हिशेब मांडला: दोनाचा अकरावा घात, म्हणजे २०४८ तऱ्हेची खोकी. त्यांतल्या चार तऱ्हांसाठी मी टेस्ट लिहिल्या होत्या. उरलेली २०४४ देवाच्या भरवशावर होती.

देवाने फार दिवस वाट पाहिली नाही. आमचा टेस्टर मितभाषी माणूस आहे. त्याने तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकलं: "पानावर एक रेघ आहे. तिच्यामागे काय आहे?"

मी जाऊन पाहिलं. खरंच एक बारीक, करडी, आडवी रेघ होती. कुणीतरी खोक्याला एकाच वेळी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: शीर्षक नको, मिटता येणारं हवं, सुरुवातीला मिटलेलं हवं. मिटलेलं खोकं शीर्षकावर क्लिक केलं की उघडतं. शीर्षक नाही. म्हणून ते खोकं जन्मतःच मिटलेलं होतं आणि मरेपर्यंत मिटलेलंच राहणार होतं.

"हे उघडायचं कसं?" टेस्टरने विचारलं.

"उघडत नाही ते."

"मग आत काय आहे?"

"माहिती भरायचा फॉर्म."

त्याने मान हलवली आणि तिकिटावर 'पुन्हा पाहू' असा शिक्का मारून तो निघून गेला. त्या रेघेची गोष्ट मी तिथेच विसरले. ती मला विसरली नाही.

आता बाहेरच्या अंतराचा प्रकार. प्रत्येक खोक्याखाली मोकळी जागा हवी म्हणून मी खोक्यालाच वर-खाली १६ पिक्सेलचं मार्जिन दिलं होतं. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) साध्या मांडणीत एकाखाली एक असलेल्या दोन डिव्हची, म्हणजे चौकटींची, मार्जिनं एकमेकांत विरून जातात. १६ आणि १६ मिळून १६च. फ्लेक्स किंवा ग्रिड या मांडण्यांत तीच मार्जिनं विरत नाहीत आणि १६ आणि १६ मिळून शाळेत शिकवल्याप्रमाणे ३२ होतात. आमची डिझायनर स्क्रीनला पट्टी लावून बसते. "या पानावर तू खोकी लांब लांब का ठेवलीस?" तिने विचारलं. मी गणिताकडे बोट दाखवलं, तिने पट्टीकडे. शेवटी मान्य केलं की आपल्या शेजाऱ्याने किती लांब बसावं हे खोक्याने ठरवणं हा निव्वळ भोचकपणा आहे. ज्याने खोकी मांडली त्याने 'गॅप' द्यावा आणि मोकळं व्हावं. हे वाक्यात लिहायला सोपं आहे. जिथे जिथे माणसांनी माझं मार्जिन खोडायला उणे १६चं मार्जिन दिलं होतं, तिथून ते काढायला आठवडा गेला.

पण खरी शोभा झाली ती गोल कोपऱ्यांपायी. कुणी आत फोटो ठेवला की फोटोचे चौकोनी कोपरे गोल कोपऱ्यांतून बाहेर डोकवायचे. मी 'ओव्हरफ्लो हिडन' लिहिलं, म्हणजे खोक्याबाहेर जाईल ते कापून टाक. एक ओळ. कोपरे सुतासारखे सरळ, म्हणजे गोल, झाले. दोन दिवसांनी तक्रार आली की महिना निवडता येत नाही. खोक्यात महिन्यांचा ड्रॉपडाउन होता आणि तो खोक्याच्या तळाशी कापला जात होता. जानेवारी दिसायचा, फेब्रुवारी दिसायचा, मार्च दिसायचा आणि एप्रिलची शिरोरेघ दिसायची. वर्षाचे उरलेले महिने नुसत्या शिरोरेघेवरून ओळखायचे.

आमच्याकडच्या एका उत्साही मुलाने झेड-इंडेक्स ९९९ केला. मग ९९९९. मग एवढे नऊ लिहिले की मोजताना बोट घसरावं. ब्राउझरमध्ये हा आकडा साधारणपणे २१४७४८३६४७ पर्यंत जातो आणि तिथेच थांबतो, आणि तो तिथेही जाऊन आला. उपयोग शून्य. झेड-इंडेक्स कोण कुणाच्या वर बसणार ते ठरवतो. इथे कुणी कुणाच्या खाली दबलंच नव्हतं, खोक्याने कात्री चालवली होती. कापलेल्या गोष्टीला कितीही वर चढवली तरी ती कापलेलीच.

यावर रिअ‍ॅक्टचा अधिकृत उतारा म्हणजे पोर्टल. २०१७ साली सोळाव्या आवृत्तीत तो आला. ड्रॉपडाउन कंपोनंट म्हणून खोक्यातच राहतो, पण पानावर उमटताना थेट बॉडीच्या, म्हणजे अख्ख्या पानाच्या, टोकाला जाऊन बसतो. कात्रीच्या टप्प्याबाहेर. बारा महिने दिसू लागले. मी समाधानाने 'एप्रिल' निवडला आणि भलतंच पान उघडलं.

झालं होतं असं की हे खोकं स्वतःही क्लिक करता येणारं होतं (सातवा प्रॉप). त्यावर क्लिक केलं की तपशिलाचं पान उघडायचं. ब्राउझरच्या कागदपत्रांत ड्रॉपडाउन आणि खोकं यांचा आता काडीचा संबंध उरला नव्हता. पण रिअ‍ॅक्ट घरातलं नातं पाहतो, राहण्याची जागा नाही. वेगळ्या बिऱ्हाडी गेलेल्या मुलाने काहीही केलं तरी बातमी बापापर्यंत पोचतेच, तसा एप्रिलवरचा क्लिक वर चढत खोक्यापर्यंत गेला आणि खोकं बापाच्या तत्परतेने धावलं.

यानंतरचा प्रसंग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नसता तर विश्वास ठेवला नसता. डिझायनरला हवं होतं की माउस आला की खोकं दोन पिक्सेल वर उचललं जावं. मी 'ट्रान्सफॉर्म' लिहिलं. त्याच खोक्यात 'हे काढून टाकायचं का?' असं विचारणारी छोटी खिडकी होती. ती स्क्रीनच्या बरोबर मध्यावर यावी म्हणून कुणीतरी 'पोझिशन फिक्स्ड' दिलं होतं. नियम असा, की वरच्या कुठल्याही घटकाला ट्रान्सफॉर्म असेल तर फिक्स्ड गोष्ट स्क्रीन विसरते आणि त्या घटकालाच आपलं जग मानते. त्यामुळे माउस खोक्यावर असेपर्यंत खिडकी खोक्यात अडकलेली. माउस बाहेर काढला की ट्रान्सफॉर्म जायचा आणि खिडकी उडी मारून स्क्रीनच्या मध्यावर. तिथे 'हो' म्हणायला माउस नेला, की खिडकी खोक्याचंच पोर असल्याने खोक्याला वाटायचं माउस आपल्यावरच आला. ते आनंदाने उचललं जायचं, आणि खिडकी पुन्हा खोक्यात. माउसखाली आता काही नाही, म्हणून पुन्हा मध्यावर. मग पुन्हा खोक्यात. सेकंदाला कित्येकदा. आम्ही चौघं स्क्रीनसमोर उभं राहून 'हो' आणि माउस यांची शिवाशिवी बघत होतो. टेस्टर म्हणाला, "निदान चुकून काही डिलीट होणार नाही." खिडकीसाठी ब्राउझरचं तयार 'डायलॉग' एलिमेंट आहे, २०२२पासून ते सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतं, आणि 'शोमोडल' या आज्ञेने उघडलं तर असल्या भानगडींच्या वरच्या मजल्यावर राहतं. हे मला त्याच रात्री कळलं.

मग हे खोकं मोडून नवं करायचं ठरलं आणि त्यासाठी 'कंटेनर' या विषयावर बैठक झाली. अर्धा तास एकमत होतं. मग लक्षात आलं की सर्व्हर सांभाळणारा गृहस्थ डॉकरच्या कंटेनरबद्दल, म्हणजे सर्व्हरवर प्रोग्रॅम ज्यात बांधून चालवतात त्याबद्दल, बोलतोय. एक जण रिअ‍ॅक्टवाल्या डॅन अब्रामोव्हच्या २०१५च्या लेखातल्या कंटेनरबद्दल, म्हणजे डेटा आणणाऱ्या कंपोनंटबद्दल. (त्या लेखाबरहुकूम आम्ही एकेकाळी सगळ्या फाइलींची दोन फोल्डरांत वाटणी केली होती. वाटणी संपतेय तोवर २०१९ला हुक्स (असली कामं कुठल्याही कंपोनंटमध्येच करायची सोय) आले, आणि त्याने स्वतःच लेखाच्या माथ्यावर लिहून टाकलं की आता अशी वाटणी करा असं मी सुचवत नाही. फोल्डरं अजून आहेत.) डिझायनर कंटेनर क्वेरीबद्दल बोलत होती. खोक्याने स्क्रीनची रुंदी न पाहता आपल्याला किती जागा मिळाली ते पाहून मांडणी बदलावी असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. मी तेही करून पाहिलं. अट अशी की रुंदीसाठी कंटेनर झालेल्या घटकाने आतल्या मालावरून आपली रुंदी ठरवायची नाही. फ्लेक्सच्या ओळीत ठेवल्याबरोबर माझ्या खोक्याने ही अट इतकी मनावर घेतली की ते आक्रसून दोन्ही बाजूंच्या पॅडिंगएवढंच उरलं.

नव्या खोक्यात सुरुवातीला मी आणखी एक शहाणपण केलं. आत आलेल्या चिल्ड्रनमधून खोक्याने स्वतः शीर्षक हुडकून वर लावायचं. भोचकपणाची हद्द म्हणजे ही. एकाने शीर्षकाला स्वतःच्या कंपोनंटमध्ये गुंडाळून पाठवलं, खोक्याने ते ओळखलं नाही आणि गाळून टाकलं. रिअ‍ॅक्टच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की चिल्ड्रन असे चाचपल्याने कोड ठिसूळ होतो. मी ते नंतर वाचलं. डॉक्युमेंटेशन नंतरच वाचायचं असतं.

शेवटी जे उरलं ते असं: एक खोकं, आणि वेगळे सुटे तुकडे, म्हणजे शीर्षक, मजकूर, तळ. ज्याला जे हवं ते त्याने आत मांडावं, नको ते मांडू नये. प्रॉप दोन. ओळी पुन्हा अकरा. पाच महिन्यांनी मी त्याच अकरा ओळींवर परत आले होते, फक्त डोळ्यांखाली वर्तुळं घेऊन.

आता जुनं खोकं काढून टाकायचं बाकी होतं. शोध लावला, वापर एकेक करून बदलत गेले, आणि शेवटी सहा ठिकाणं उरली. त्या सहाही ठिकाणी खोकं रिकामं होतं. आत काहीच नाही. प्रॉप मात्र तीन: शीर्षक नको, मिटता येणारं, सुरुवातीला मिटलेलं.

मी त्या उत्साही मुलाला बोलावलं. "अरे, हे काय आहे?"

"ताई, ते दोन भागांच्या मधे डिझाइनमध्ये रेघ दाखवली होती ना," तो म्हणाला. "म्हटलं, नवीन कशाला लिहायचं? आपल्याकडे आहे ना कंपोनंट."