ठाणं इंग्रजांनी वसवलं? नाही हो!

परवापासून सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की ठाणे म्हणजे मुळात खाडीकाठचं चार झोपड्यांचं खेडं, इंग्रजांनी तिथे किल्ला बांधला, पोलीस ठाणं टाकलं म्हणून हे नाव पडलं आणि 1853 ला रेल्वे आली तेव्हा कुठे शहर झालं. चांगली शिकलेली माणसं त्याला अंगठे देतायत, म्हणून लिहायला बसलो.

आधी नावाचं बघू. 1787 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना ताम्रपट सापडले, शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके 939 म्हणजे इसवी सन 1017 चे. त्यात दान दिल्याचा मजकूर आहे आणि राजा ज्यांना उद्देशून बोलतोय त्यात 'श्रीस्थानक' नगरातले रहिवासीही आहेत. म्हणजे आपलेच शेजारी हो, हजार वर्षांपूर्वीचे! स्थानकाचं ठाणे झालं, चौकीबिकीचा काही संबंध नाही. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने सुद्धा 'ताना' असंच लिहिलंय, आणि इथे जहाजं येतात, व्यापारी येतात, कमावलेलं चामडं नि सुती कापड विकलं जातं असंही सांगितलंय. चार झोपड्यांच्या खेड्यात कोण जहाजं घेऊन येणार?

आता किल्ला, जिथे आज सेंट्रल जेल आहे तो. कोर्टनाक्याला रोज जाणारे सुद्धा त्याला इंग्रजांचा म्हणतात, पण बांधायला घेतला पोर्तुगीजांनी, साधारण 1730 च्या सुमारास. 1737 ला मराठ्यांनी तो घेतला, आणि इंग्रजांना डिसेंबर 1774 मध्ये मराठ्यांशी लढून मिळवावा लागला, आपणच बांधलेला किल्ला कोणी लढून जिंकतं का? जेल मात्र त्यांनीच केला, याच किल्ल्यातल्या कैदेतून 1816 ला दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले.

रेल्वेचं श्रेय त्यांचंच, त्यात वाद नाही. बोरीबंदरहून 16 एप्रिल 1853 ला पहिली गाडी आली, 34 किलोमीटर. 1863 ची नगरपालिकाही त्यांच्याच काळातली. पण गाडी आली तेव्हा गाव आधीपासून नांदतं होतं, याचा तरी विचार करा ना.

तेव्हा मेसेजमधली गाडीची तारीख तेवढी ठेवा, बाकीचं खोडा आणि मग खुशाल फॉरवर्ड करा. ताम्रपटाची ओळ घातलीत तर फारच बरं.